२७५ मीटर उंचीवरून पारा कुठे जातो? पर्यावरण मंत्रालयाला एका शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि संबंधित अधिकारी,
केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी चंद्रपूरला राहते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान वीज केंद्रात नोकरीला होते. कोळशाच्या पैशावर आमचे घर उभे राहिले, मुलांची शिक्षणे झाली, आणि आजही घरात दिवा लागतो तो कोळशावरच. म्हणून हे पत्र विजेच्या विरोधात आहे असे कृपया समजू नका.

आपल्या मंत्रालयाची ११ जुलै २०२५ ची अधिसूचना मी दोन-तीनदा वाचली. कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली होती. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि आता बहुसंख्य केंद्रांना ती लागूच राहिलेली नाही. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या लगतची केंद्रे तेवढी बांधील आहेत. अतिप्रदूषित ठरलेल्या भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार. बाकीच्यांना सूट. या सुटीला एक अट आहे: धुराड्याची उंची नियमाप्रमाणे असली पाहिजे. ५०० मेगावॅट आणि त्यापुढच्या संचांसाठी ती २७५ मीटर आहे. मुंबईचे तीन राजाबाई टॉवर एकावर एक ठेवले तरी तेवढी उंची भरत नाही.

उंच धुराड्यामागचा विचार मला समजतो. वायू जितक्या वर सुटेल तितका तो पसरेल, विरळ होईल, आणि खाली माणसाच्या नाकाशी येईपर्यंत त्याचे प्रमाण मर्यादेत बसेल. सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत हा विचार कितपत टिकतो यावर माझ्याहून जाणकार लोक बोलत आहेत. मला त्याच धुराड्यातून, त्याच क्षणी बाहेर पडणाऱ्या पाऱ्याबद्दल बोलायचे आहे. पाऱ्याच्या बाबतीत उंच धुराडे म्हणजे दृष्टीआड सृष्टी.

पारा मी पस्तीस वर्षे हाताळला. आमच्या उमेदीच्या काळात आम्ही तो मुलांच्या तळहातावर द्यायचो. एवढासा थेंब आणि इतका जड, हे पाहून मुलांचे डोळे मोठे व्हायचे. एकदा वायुदाबमापक मांडताना काचेची नळी फुटली आणि पारा शहाबादी फरशीवर सांडला. कागदाच्या घडीने आम्ही सापडतील तेवढे मणी गोळा केले, फटींमध्ये गंधकाची पूड भरली, खिडक्या उघडल्या आणि पुढचा तास सुरू केला. फटीत गेलेला पारा दिसत नव्हता आणि त्याच्या वाफेला रंगही नाही, वासही नाही. तो तिथेच राहिला असणार आणि वर्षानुवर्षे कणाकणाने खोलीत उडत राहिला असणार. त्या खोलीत मी रोज मुलांना उभे करत होते, ही गोष्ट मला अजून छळते.

कोळशाचेही असेच आहे, फक्त फट फार मोठी आहे. दगडी कोळशात टनामागे साधारण दशांश ग्रॅमच्या आसपास पारा असतो. कुठल्या थरात कमी, कुठल्यात जास्त. हा आकडा ऐकून कुणी सोडून देईल. पण मोठे वीज केंद्र वर्षाला एक कोटी टनांच्या घरात कोळसा जाळते. कोटीला दशांश ग्रॅमने गुणले की दहा लाख ग्रॅम, म्हणजे एक टन पारा होतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे तो टन वीस लिटरच्या चार जारमध्ये मावेल. चार जारभर पारा कुणी इरई नदीत ओतताना दिसला तर गाव जमा होईल. हवेत गेला तर कुणी वळूनही बघत नाही.

बॉयलरच्या आगीत कोळशातला जवळजवळ सगळा पारा वाफ होतो. वायू थंड होत धुराड्याकडे निघतो तसे त्या वाफेचे तीन वाटे पडतात. काही पारा राखेच्या कणांना चिकटतो आणि राख पकडणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरमध्ये अडकतो. काही क्लोरिनशी संयोग पावून पाण्यात विरघळणारा होतो. हा भाग बाहेर पडला तर काही दिवसांत, आसपासच्या काही शे किलोमीटरच्या परिसरात पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली येतो. उरलेला पारा मूलद्रव्याच्या रूपातच, निव्वळ वाफ म्हणून निघून जातो. कोळशात क्लोरिन कमी असेल तर हा तिसरा वाटा वाढतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाऊस त्याला धरू शकत नाही. तो हवेत काही महिने, कधी वर्षाच्या आसपास टिकतो. पृथ्वीला वळसा घालायला वाऱ्याला काही आठवडे पुरतात. धुराड्यातून निघालेला हा पारा खाली येण्याआधी जगाला अनेक प्रदक्षिणा घालून आलेला असतो.

हे शास्त्रज्ञांनी मोजलेले आहे. उत्तर गोलार्धात, कारखान्यांपासून दूर, स्वच्छ समजल्या जाणाऱ्या हवेत घनमीटरला सुमारे दीड नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश) पारा असतो. दक्षिण गोलार्धात सुमारे एक. कारखाने, वीज केंद्रे आणि माणसांची दाटी उत्तरेला जास्त आहे, आणि विषुववृत्त ओलांडून हवा मिसळायला जवळजवळ वर्ष लागते, म्हणून हा फरक. पण उत्तर गोलार्धात तुम्ही आयर्लंडच्या किनाऱ्यावर मोजा की कॅनडाच्या बर्फात, आकडा फारसा बदलत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार माणसाच्या व्यवहारांनी हवेतला पारा नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे ४५० टक्क्यांनी वाढवला आहे. २०१५ या एका वर्षात माणसांनी थेट हवेत सोडलेला पारा सुमारे २,२२० टन होता आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास आशियातून आला.

मग तो खाली कसा येतो? १९९५ च्या वसंतात कॅनडाच्या अगदी उत्तरेला, अलर्ट नावाच्या ठाण्यावर एक चमत्कारिक गोष्ट नोंदली गेली. ध्रुवावरची लांब रात्र संपून सूर्य उगवला आणि हवेतला पारा जवळजवळ नाहीसा झाला. काही तासांनी, काही दिवसांनी तो परत दिसायचा आणि पुन्हा गायब व्हायचा. पुढे उलगडले ते असे. समुद्राच्या खारट बर्फावरून सूर्यप्रकाशात ब्रोमीन सुटते, ते पाऱ्याच्या वाफेला गाठते आणि तिचे चिकट, विरघळणाऱ्या संयुगात रूपांतर करते. तो पारा बर्फावर बसतो. आता हे ब्रोमीन सगळ्या वातावरणात, उंचावरही, हेच काम करत असते हे कळले आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बाजूला उन्हाळ्यातले गडगडाटी ढग फार उंच चढतात आणि तिथला ऑक्सिडीकृत पारा धुऊन खाली आणतात. तिथल्या पावसात पाऱ्याचे प्रमाण जास्त येण्यामागे स्थानिक कारखान्यांइतकाच हा उंचावरचा साठा आहे. मृगापासून आपल्याकडे उभे राहणारे ढग तर त्याहून कमी उंच नसतात.

यात मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट मात्र पानांची आहे. जमिनीवर उतरणाऱ्या पाऱ्याचा मोठा भाग पावसातून येत नाही, झाडाच्या पानांतून येतो. पाने श्वास घेतात त्या छिद्रांतून ती हवेतली पाऱ्याची वाफही ओढून घेतात आणि साठवत राहतात. पान गळले की पारा जमिनीवर. आमच्या ताडोब्याकडचा साग उन्हाळ्याआधी सगळी पाने टाकतो. ते पानांचे थर तुम्ही पाहिले असतील, चालताना पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे जमलेला पारा कुणा एका देशाचा नसतो. त्यात आमच्या गावच्या कोळशाचा असेल, चीनच्या भट्ट्यांचा असेल, पोलंडच्या वीज केंद्राचा असेल. मग मोहफुलाच्या दिवसांत कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो, वणवा पसरतो, आणि पानांनी वर्षभर गोळा केलेला पारा एका रात्रीत पुन्हा हवेत जातो. मोह वेचणाऱ्या बायांना मी दोष देत नाही. त्यांनी तो पारा आणलेला नाही.

आज हवेत दरवर्षी जो पारा शिरतो त्याचा सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे ६० टक्के, असाच माती, जंगल आणि समुद्रातून पुन्हा उठणारा असतो. त्यात फार जुना पाराही आहे. सोळाव्या शतकात स्पेनने मेक्सिको आणि पेरूमध्ये चांदी काढण्यासाठी पारा वापरायला सुरुवात केली. अल्मादेनच्या खाणीतून जहाजे भरून तो समुद्रापार जात होता, पेरूत तर हुआंकावेलिकाच्या खाणीतून तिथेच निघत होता. चांदी राजाकडे गेली, पारा हवेत आणि मातीत राहिला. जाळला तरी पारा पाराच राहतो. त्याचे दुसरे काही होत नाही. जमिनीत खोल किंवा समुद्राच्या तळाच्या गाळात कायमचा गाडला जाईपर्यंत तो फिरत राहतो आणि त्याला शतके लागतात. म्हणून आज सोडलेला पारा म्हणजे पुढच्या दहा पिढ्यांच्या नावाने काढलेले कर्ज आहे, हे मी शब्दशः म्हणते.

आता आपले अधिकारी विचारतील, हवेत दीड नॅनोग्रॅम म्हणजे काय मोठेसे? श्वासातून येणाऱ्या त्या पाऱ्याने चंद्रपूरचे कुणी आजारी पडणार नाही, हे मीही मान्य करते. धोका पाण्याखाली तयार होतो. तळ्याच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे काही जिवाणू पाऱ्याला कार्बनचा एक छोटा गट जोडतात. त्यांच्याकडे हे काम करणारी दोन जनुके २०१३ मध्ये सापडली. तयार होते ते मिथाइल मर्क्युरी. ते शेवाळात शिरते, शेवाळ खाणाऱ्या बारीक किड्यात साठते, किडे खाणाऱ्या माशात आणखी, आणि मासे खाणाऱ्या माशात त्याहून जास्त. पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींपर्यंत आणि कधी त्याहून वर ते शिकारी माशाच्या मांसात भरते. समुद्रात मुशी, सुरमई, कुपा हे असे वरच्या पायरीवरचे मासे. आमच्या तळ्यांत मरळ. मासा धुऊन, शिजवून, तळून ते जात नाही, कारण ते चरबीत नसून मांसातच बांधलेले असते.

आईच्या पोटातल्या बाळाच्या दृष्टीने हे सर्वांत वाईट. मिथाइल मर्क्युरी एका अमिनो आम्लाचे सोंग घेऊन वार (प्लासेंटा) ओलांडते आणि मेंदूचा पडदाही ओलांडते. बाळाच्या नाळेच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा जास्त आढळते. उत्तर अटलांटिकमधल्या फारो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास झाला. तिथे मोठा कारखाना नाही, पण लोक पायलट व्हेल खातात. ज्या मुलांना जन्माआधी जास्त पारा मिळाला होता त्यांची सात वर्षांची असताना लक्ष, स्मरण आणि भाषेच्या चाचण्यांतली कामगिरी कमी भरली. ती मुले आजारी दिसत नव्हती. दोन-चार शब्द आठवायला त्यांना थोडे जड जात होते एवढेच. तीस-पस्तीस वर्षे वर्गात उभी राहिल्यामुळे मला ठाऊक आहे की असे मूल वर्गात असले तर आम्ही शिक्षक त्याला काय म्हणतो. म्हणतो, ‘लक्ष नाही तुझे.’

मिनामाताची गोष्ट आपल्या मंत्रालयाला मी सांगायची गरज नाही. तरी एक तारीख लिहिते. १ मे १९५६. त्या दिवशी जपानच्या मिनामाता गावातल्या अनोळखी मेंदूविकाराची सरकारदरबारी पहिली नोंद झाली. त्याआधी गावातली मांजरे झोकांड्या खात, गरगर फिरत मेली होती. चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड बनवताना वापरलेला पारा सांडपाण्यातून समुद्रात सोडत होती, आणि नोंद झाल्यावरही हे सांडपाणी १९६८ पर्यंत थांबले नाही. काही आयांना स्वतःला फारसा त्रास झाला नाही, त्यांची बाळे मात्र जन्मतः अपंग निघाली. आईच्या अंगातले विष बाळाने उचलले होते. मिनामातात विष एका नळीतून आले, त्यामुळे नळी शोधता आली. हवेतून आलेल्या पाऱ्याची नळी दाखवता येत नाही, म्हणून तर त्यासाठी जगाला एकत्र बसून करार करावा लागला.

त्या कराराला मिनामाताचेच नाव आहे. १० ऑक्टोबर २०१३ रोजी कुमामोतोमध्ये तो स्वीकारला गेला. भारताने १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि नव्वद दिवसांनी, सप्टेंबर २०१८ पासून, तो आपल्यावर बंधनकारक झाला. त्याचे आठवे कलम हवेतल्या उत्सर्जनाचे आहे, आणि ज्या स्रोतांना ते लागू होते त्यांच्या यादीत कोळशावरची वीज केंद्रे आहेत, सिमेंटच्या भट्ट्याही आहेत. जुन्या केंद्रांसाठी उपाय अमलात आणायला दहा वर्षे दिली आहेत. सप्टेंबर २०२८ ला ती पूर्ण होतात.

आपल्याकडे मर्यादा आहे, असे उत्तर येईल हे मला माहीत आहे. २०१५ च्या नियमांत धुराड्यातल्या वायूसाठी पाऱ्याची मर्यादा घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, ठरली आहे. या आकड्याचे गणित मी अकरावीच्या मुलांना घालत असे ते आपल्यालाही घालते. एक किलो कोळशात ०.१ मिलिग्रॅम पारा आहे. तो जळून सुमारे ५ घनमीटर वायू तयार होतो. राखेत काहीच अडकले नाही, सगळाच पारा धुराड्यातून गेला असे धरा. भागाकार करा. ०.०२ मिलिग्रॅम. मर्यादेच्या आत. आता कोळशात दीडपट पारा धरा, ०.१५ मिलिग्रॅम. उत्तर येते ०.०३. तरी पास. केंद्राने पारा अडवण्यासाठी काहीही केले नाही तरी जी मर्यादा पाळली जाते, तिला मर्यादा कशी म्हणायची? मुलांना मी नेहमी सांगायचे की उत्तर आल्यावर ते उत्तर जगात काय करते ते पाहा. हे उत्तर काहीच करत नाही.

युरोपीय संघाने २०१७ मध्ये मोठ्या, जुन्या दगडी कोळशाच्या केंद्रांसाठी वरची पातळी घनमीटरला ४ मायक्रोग्रॅम ठेवली. आपली ३०. चीनचीही ३० आहे, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर मी सोयीचे तेवढेच सांगते असे होईल. अमेरिकेने २०१२ पासून कडक मर्यादा लावली आणि सुमारे दशकभरात तिथल्या वीज केंद्रांतून जाणारा पारा ९० टक्क्यांच्या आसपास घटला. काही केंद्रे बंद पडली, काही गॅसवर गेली, पण उरलेल्यांनी पारा अडवायला शिकून घेतले. ते तंत्र अवघडही नाही. कोळशावर थोडे ब्रोमीन फवारायचे, म्हणजे ध्रुवावरचा सूर्य जे काम करतो तेच बॉयलरच्या वायूत घडते आणि पाऱ्याची वाफ पकडीत येणाऱ्या रूपात बदलते. मग ती सक्रिय कोळशाच्या पुडीवर धरता येते किंवा एफजीडीच्या, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेच्या, पाण्यात विरघळते.

एफजीडी सुटल्याचे मला दुःख आहे ते यासाठी. कराराच्या आठव्या कलमात जुन्या केंद्रांसाठी जे पर्याय दिले आहेत त्यात एक पर्याय असा आहे की इतर प्रदूषके रोखणाऱ्या यंत्रणेतूनच पाराही कमी करायचा. आपल्याकडे ती यंत्रणा एफजीडी हीच होती. ती एकटी पुरली नसती, कारण ती फक्त विरघळणारा पारा धरते आणि आपल्या कोळशातून निव्वळ वाफेचा भाग जास्त निघतो. ब्रोमीनची जोड लागली असती. पण पाया तरी होता. सूट देताना सल्फर डायऑक्साइडचा हिशेब झाला. त्याच टेबलावर पाऱ्याचा हिशेब कुणी ठेवला होता का, हे मला आपल्याकडून जाणून घ्यायचे आहे.

भारतच का, हा प्रश्न मला जवळच्या माणसांनीही विचारला. जगातला सर्वांत मोठा वाटा, ३८ टक्के, छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे. पेरूतल्या माद्रे दे दियोसपासून आफ्रिका आणि इंडोनेशियापर्यंत गरीब माणसे पाऱ्यात सोने धरतात आणि तव्यावर पारा उडवून देतात. कोळशाचा वाटा २१ टक्के. हे खरे आहे. पण जगात नव्याने निघणाऱ्या सोन्याचा साधारण पाचवा हिस्सा अशा खाणींतून येतो, आणि सोने घेणाऱ्या देशांत आपण पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आहोत. तिकडच्या माणसाला बोट दाखवताना माझ्या हातातल्या बांगड्या वाजतात. शिवाय त्या खाणकामगाराला आपण अधिसूचना काढून थांबवू शकत नाही. आपल्या धुराड्यांसाठी काढू शकतो.

आणखी एक गोष्ट आमच्या भागाला विशेष लागू आहे. मिथाइल मर्क्युरी माशातूनच येते असा समज होता. चीनच्या गुइझोऊ प्रांतात, वानशानच्या पाऱ्याच्या खाणींच्या भागात, लोक मासे फारसे खात नाहीत आणि तरी त्यांच्या अंगात ते सापडले. ते भातातून येत होते. पाणी भरलेली भाताची बांधी म्हणजे ऑक्सिजन नसलेला चिखल, त्या जिवाणूंना हवी तशीच जागा. तिथे पाराही भरपूर होता, आमची तुलना त्या खाणींशी होऊ शकत नाही. पण सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, पुढे गडचिरोली आणि भंडारा-गोंदिया हा सगळा भाताचा आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचा मुलूख आहे, आणि त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर कोळसा जळतो. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरात मासा आणि भात हे दोन्ही रोजचे. मध्य प्रदेश-उत्तर प्रदेश सीमेवरच्या सिंगरौली-सोनभद्रच्या पट्ट्यात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१२ मध्ये लोकांच्या रक्तात, केसांत आणि माशांत पारा मोजला आणि तो सापडला. तो पट्टाही कोळसा आणि वीज केंद्रांचाच. आमच्याकडच्या मरळीचे आणि तांदळाचे आकडे मला त्याच रीतीने, तारखेसह, जाहीर झालेले हवे आहेत. ते कमी निघाले तर मला आनंदच आहे. ढिवर बायांना मी स्वतः जाऊन सांगेन की बिनधास्त विका.

राखेबद्दलही लिहायचे होते, थोडक्यात लिहिते. पारा हवेतून काढला की तो राखेत येतो. ती राख सिमेंटमध्ये शेवटी दळताना मिसळली तर पारा बराचसा तिथेच बसतो. पण तीच राख कच्चा माल म्हणून भट्टीत घातली तर तो पुन्हा वाफ होऊन सिमेंटच्या धुराड्यातून जाईल. गडचांदूर-राजुरा पट्ट्यात भट्ट्याही आहेत आणि राखही. पारा कुणाच्या वहीतून कुणाच्या वहीत गेला हे मंत्रालयानेच पाहिले पाहिजे, दुसरे कुणी पाहणार नाही.

माझी मागणी अशी आहे. सप्टेंबर २०२८ च्या आधी ०.०३ ची मर्यादा बदला आणि अशी ठेवा की ती पाळण्यासाठी केंद्राला प्रत्यक्ष काही करावे लागेल. ज्या केंद्रांना एफजीडीतून सूट दिली त्यांनी पारा दुसऱ्या कोणत्या मार्गाने कमी करायचा ते आदेशात लिहा. प्रत्येक केंद्राने धुराड्यातला पारा मोजावा, वाफ किती आणि विरघळणारा किती हे वेगवेगळे मोजावे, आणि तो आकडा केंद्राच्या फाटकावर आणि आपल्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि तिथल्या लोकांच्या भाषेत लागावा. ब्रोमीन आणि सक्रिय कोळशाची चाचणी एखाद्या केंद्रावर करायची असेल तर ती विदर्भात करा. आमच्या कोळशाचा गुणधर्म आमच्या बॉयलरमध्येच कळेल. खर्च वाढेल, वीज काही पैशांनी महागेल. माझ्या निवृत्तिवेतनातून ते पैसे द्यायला मी तयार आहे, आणि गरिबांच्या बिलात ते येऊ नयेत ही व्यवस्था करणे आपल्या हातात आहे.

मासे आणि तांदूळ यांच्या तपासणीचे पथक इकडे येईल तेव्हा कळवावे. कुठल्या तलावात मरळ मोठी मिळते, कुठल्या बांधीत पाणी सर्वांत जास्त दिवस उभे राहते हे मला आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. नमुन्याच्या बाटल्या आम्ही नायट्रिक आम्लाने धुऊन तयार ठेवू.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
चंद्रपूर